स्मार्टवॉचला तुमची पाळी आणि झोप खरंच कळते का? मनगटावरचे आकडे कसे वाचायचे?

"तुमची पाळी पुढच्या ३ दिवसांत येऊ शकते."

"काल रात्री तुम्हाला फक्त ४२ मिनिटं गाढ झोप लागली."

सकाळी डोळे उघडताच फोनवर अशी नोटिफिकेशन्स दिसणं आता पुण्यात नवलाचं राहिलेलं नाही. हिंजवडीची कॅब पकडणारी इंजिनिअर असो, सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकेत एमपीएससीची तयारी करणारी मुलगी असो किंवा तळजाईवर रोज चालायला जाणाऱ्या काकू असोत, स्मार्टवॉच, फिटनेस बँड किंवा स्मार्ट रिंग कुणाकडेही दिसते.

पण या आकड्यांचं करायचं काय? काहीजणी त्याकडे बघतही नाहीत. काहीजणी त्यावर इतका विश्वास ठेवतात की 'स्लीप स्कोअर' कमी आला की दिवसभर थकल्यासारखं वाटतं. आणि काहीजणी थेट 'सेफ दिवस' कोणते हेच घड्याळाला विचारतात. यातली शेवटची गोष्ट महागात पडू शकते.

म्हणूनच हे घड्याळ नेमकं काय मोजतं, कशाचा अंदाज बांधतं आणि त्याला काय अजिबात दिसत नाही, हे समजून घेऊया.

घड्याळ नेमकं काय मोजतं?

पहिली गोष्ट लक्षात ठेवा. घड्याळ झोप मोजत नाही आणि पाळीही मोजत नाही. ते मुख्यतः तीन गोष्टी मोजतं: हालचाल, नाडी आणि काही उपकरणांत त्वचेचं तापमान.

हालचाल टिपायला आत एक छोटा सेन्सर असतो. नाडीसाठी घड्याळाच्या मागच्या बाजूला हिरवा प्रकाश चमकतो. हृदयाच्या प्रत्येक ठोक्याबरोबर त्वचेखालच्या रक्तवाहिन्यांमधलं रक्त कमी-जास्त होतं, त्यानुसार परत येणारा प्रकाश बदलतो आणि त्यावरून ठोके मोजले जातात. दोन ठोक्यांमधलं अंतर किती बदलतं, यावरून 'हार्ट रेट व्हेरिएबिलिटी' काढली जाते.

तापमानाचा सेन्सर मात्र सगळ्यांत नसतो. अ‍ॅपलने तो २०२२ मध्ये सिरीज ८ या घड्याळात पहिल्यांदा दिला. ते घड्याळ झोपेत दर ५ सेकंदांनी मनगटाचं तापमान घेतं. ओरा, अल्ट्राह्यूमन यांसारख्या रिंग्ज बोटाचं तापमान टिपतात. अनेक स्वस्त घड्याळांत पाळीसाठी पर्याय दिसतो, पण तापमानाचा सेन्सर नसतो. तिथे तुम्ही टाकलेल्या मागच्या तारखांवरून सरासरी काढली जाते, एवढंच.

म्हणजे आईने किंवा आजीने स्वयंपाकघरातल्या 'कालनिर्णय'वर तारखेभोवती जी खूण केलेली असायची, तेच काम हे घड्याळ करतं. फरक एवढाच की बेरीज-वजाबाकी आपोआप होते. त्यामुळे विकत घेण्याआधी 'पीरियड ट्रॅकिंग आहे का' हे विचारू नका. 'तापमानाचा सेन्सर आहे का आणि तो पाळीच्या अंदाजासाठी वापरला जातो का' हे विचारा.

तापमानाचा आणि पाळीचा संबंध काय?

पाळीच्या पहिल्या दिवसापासून पुढच्या पाळीच्या आदल्या दिवसापर्यंत एक चक्र धरलं जातं. त्याचे दोन भाग असतात.

पहिल्या भागात अंडाशयात बीजांड तयार होत असतं. ते बाहेर पडतं, त्याला आपण ओव्ह्युलेशन म्हणतो. त्यानंतरच्या दुसऱ्या भागात प्रोजेस्टेरॉन हे हार्मोन वाढतं आणि शरीराचं तापमान साधारण ०.३ ते ०.५ अंश सेल्सिअसने चढतं. नाडीही मिनिटाला दोन-चार ठोक्यांनी वाढू शकते. गर्भधारणा झाली नाही तर प्रोजेस्टेरॉन खाली येतं, तापमान उतरतं आणि पाळी येते.

अर्ध्या अंशापेक्षाही कमी असलेला हा फरक हाताला जाणवत नाही. पण रोज रात्री तापमान घेत राहिलं, तर दोन-तीन महिन्यांत आलेखावर एक पायरी दिसू लागते. घड्याळ ही पायरी शोधतं.

एक गैरसमज इथेच दूर करूया. 'पाळी २८ दिवसांनीच आली पाहिजे' असं नाही. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात एका अ‍ॅपवरच्या ६ लाख १२ हजारांहून अधिक चक्रांची माहिती तपासली गेली. त्यातली जेमतेम १३ टक्के चक्रं बरोबर २८ दिवसांची होती. सरासरी होती २९.३ दिवस. प्रौढ स्त्रीमध्ये २४ ते ३८ दिवसांचं चक्र सर्वसाधारण मानलं जातं. त्यामुळे तुमचं चक्र मैत्रिणीसारखं नाही, म्हणून काळजी करायचं कारण नाही. बघायचं ते तुमचं स्वतःचं चक्र किती बदलतंय, हे.

हे नवं आहे का? नाही, दीडशे वर्षं जुनं आहे

१८७३ मध्ये एडवर्ड क्लार्क या अमेरिकन डॉक्टरांनी एक पुस्तक लिहिलं. मुलींनी मुलांसारखा जोर लावून अभ्यास केला, पाळीच्या दिवसांतही डोक्याला ताण दिला, तर त्यांच्या प्रजननसंस्थेचं नुकसान होतं, असा त्यांचा दावा होता.

त्याला उत्तर दिलं मेरी पुटनम जेकोबी या डॉक्टरांनी. त्यांनी वाद घालण्याऐवजी माहिती गोळा केली. स्त्रियांना प्रश्नावली पाठवली आणि २६८ जणींची उत्तरं मिळवली. काही स्त्रियांचं तापमान, नाडी आणि ताकद चक्राच्या वेगवेगळ्या दिवशी मोजली. पाळीत प्रत्येक स्त्रीला सक्तीची विश्रांती लागते याला आधार नाही, असा निष्कर्ष त्यांनी मांडला. या निबंधाला १८७६ मध्ये हार्वर्ड विद्यापीठाचं बॉयल्स्टन पारितोषिक मिळालं.

जेकोबी ज्या फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयात १८६४ मध्ये डॉक्टर झाल्या, तिथूनच २२ वर्षांनी, १८८६ मध्ये, डॉ. आनंदीबाई जोशी पदवी घेऊन बाहेर पडल्या. दुसऱ्याच वर्षी पुण्यात त्यांचं निधन झालं.

हा इतिहास आज आठवायचं कारण साधं आहे. 'चार दिवस बाजूला बसायचं' हा नियम असो किंवा 'लग्न झालं की पाळी आपोआप नियमित होते' हा सल्ला असो, पाळीबद्दल बोलताना आपल्याकडे ऐकीव गोष्टी जास्त आणि नोंदी कमी असतात. जेकोबींनी हाताने घेतलेली मोजमापं आज मनगटावर आपोआप होतात. मोजायचं कशासाठी, हे मात्र आपल्यालाच ठरवावं लागतं.

पाळी जवळ आली की झोप का बिघडते?

रात्री गाढ झोप लागण्यासाठी शरीराचं आतलं तापमान थोडं उतरावं लागतं. चक्राच्या दुसऱ्या भागात प्रोजेस्टेरॉनमुळे ते मुळातच थोडं वर असतं. पाळीच्या आधीच्या दिवसांत हार्मोन्स झपाट्याने खाली येतात. त्यात पोटदुखी, छाती जड होणं, चिडचिड आणि पॅड खराब होईल का ही धास्ती. त्यामुळे पाळीच्या आधीचे काही दिवस आणि पाळीचे पहिले दोन दिवस झोप नीट लागत नाही, अशी तक्रार अनेकजणी करतात.

'दर महिन्याला तीन-चार रात्री मला झोपच येत नाही' असं वाटत असेल, तर त्या रात्री चक्राच्या ठरावीक दिवसांतच येतात का, हे घड्याळाच्या नोंदीतून कळू शकतं. तसं असेल तर ते दिवस आधी ओळखून महत्त्वाचं काम, लांबचा प्रवास किंवा जड व्यायाम पुढे-मागे करता येतो.

पण झोपेच्या आकड्यांना मर्यादा आहेत. प्रयोगशाळेतल्या झोपेच्या तपासणीत डोक्यावर इलेक्ट्रोड लावून मेंदूतल्या लहरी मोजतात, डोळ्यांची आणि स्नायूंची हालचाल बघतात. घड्याळाला मेंदू दिसत नाही. तुम्ही झोपला आहात हे त्याला बऱ्यापैकी ओळखता येतं, पण जागं असणं ओळखताना ते चुकतं. अंथरुणात न हलता रील्स बघत पडलात, तर ती वेळ झोपेत जमा होऊ शकते. गाढ झोप किती आणि स्वप्नांची झोप किती, हे तर आणखी ढोबळ.

म्हणून '४२ मिनिटं गाढ झोप' हा आकडा फार मनावर घेऊ नका. एकूण झोप किती झाली, झोपायची आणि उठायची वेळ रोज किती बदलते, हे आकडे जास्त कामाचे आहेत. परफेक्ट स्कोअरच्या मागे लागून झोप उडालेल्या रुग्णांबद्दल अमेरिकेतल्या संशोधकांनी २०१७ मध्ये लिहिलं होतं. या प्रकाराला त्यांनी 'ऑर्थोसोम्निया' असं नाव दिलं. स्कोअर बघून ताण येत असेल, तर दोन आठवडे स्कोअर न बघणं हाही उपायच आहे.

नाईट शिफ्ट असेल तर?

पुण्यात हा प्रश्न महत्त्वाचा आहे. हिंजवडी, खराडी, मगरपट्टा इथल्या अनेक कंपन्या अमेरिकेच्या वेळेनुसार चालतात. रुग्णालयांमधल्या नर्सेसना तर फिरती पाळी चुकत नाही. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यानुसार स्त्रियांना रात्री ९.३० ते सकाळी ७ या वेळेत काम देता येतं, पण त्यासाठी त्यांची संमती आणि सुरक्षेची पुरेशी व्यवस्था बंधनकारक आहे.

आपल्या शरीराचं तापमान दिवसभरातही वर-खाली होतं. ते पहाटे सर्वांत कमी असतं आणि संध्याकाळी जास्त. घड्याळाचा हिशोब 'रात्रीची झोप' धरून चालतो. तुम्ही एका आठवड्यात रात्री आणि पुढच्या आठवड्यात दुपारी झोपलात, तर तापमानातला फरक ओव्ह्युलेशनमुळे आला की शिफ्ट बदलल्यामुळे, हे सांगणं अवघड होतं. दुसरीकडे, शिफ्टमध्ये काम करणाऱ्या स्त्रियांमध्ये अनियमित पाळीचं प्रमाण जास्त असल्याचं परदेशात नर्सेसवर झालेल्या अभ्यासांत दिसलं आहे.

म्हणून शिफ्टमध्ये काम करत असाल तर दोन गोष्टी करा. कोणत्या दिवशी कोणती शिफ्ट होती, हे अ‍ॅपमध्ये लिहा. आणि रात्रपाळीच्या आठवड्याची तुलना दुसऱ्या रात्रपाळीच्या आठवड्याशीच करा.

आकडे कधी फसवतात?

• पाळी पुढे ढकलण्याच्या गोळ्या: गौरी-गणपती, घरातली पूजा किंवा लग्न आलं की अनेकजणी या गोळ्या घेतात. त्यात प्रोजेस्टेरॉनसारखंच काम करणारं औषध असतं. त्या महिन्याचा आलेख तुमच्या नैसर्गिक चक्राचा नसतो. गर्भनिरोधक गोळ्या घेत असाल, तर साधारणपणे ओव्ह्युलेशनच थांबलेलं असतं. मग ओव्ह्युलेशनच्या अंदाजाला अर्थ राहत नाही.

• ताप, मद्यपान, जागरण: यामुळे तापमान किंवा नाडी वाढते. विसर्जन मिरवणुकीत रात्रभर लक्ष्मी रस्त्यावर उभं राहिल्यावर पुढच्या दोन रात्रींचे आकडे वेगळे येणारच.

• उन्हाळा: एप्रिल-मे महिन्यात खोली तापलेली असते, मध्येच वीज जाते. त्वचेच्या तापमानावर याचा परिणाम होतो.

• सैल पट्टा: घड्याळ मनगटावर हलत असेल तर नाडीचं मोजमाप चुकतं.

• अनियमित चक्र: अंदाज सर्वांत जास्त इथेच चुकतो. ओरा कंपनीच्या संशोधकांनी २०२५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात रिंगने १,१५५ पैकी ९६.४ टक्के ओव्ह्युलेशन्स ओळखली. दिवस ओळखताना सरासरी चूक १.२६ दिवसांची होती. फक्त तारखांवरून अंदाज बांधल्यास ती ३.४४ दिवसांची होती. पण खूप लांबलेल्या चक्रांमध्ये रिंगची चूकही वाढली. शिवाय हा अभ्यास कंपनीचा स्वतःचा आहे, हेही लक्षात ठेवायला हवं.

'सेफ दिवस' घड्याळावरून ठरवता येतात का?

नाही. आणि याचं कारण समजून घेणं गरजेचं आहे.

तापमान चढतं ते ओव्ह्युलेशन झाल्यानंतर. म्हणजे घड्याळ 'ओव्ह्युलेशन झालं' असं सांगतं, तेव्हा ते होऊन गेलेलं असतं. बीजांड साधारण एक दिवसच टिकतं, पण शुक्राणू शरीरात ५ दिवसांपर्यंत जिवंत राहू शकतात. म्हणजे गर्भधारणेची शक्यता असलेले बहुतेक दिवस पायरी दिसण्याच्या आधीच निघून गेलेले असतात. पुढच्या महिन्यासाठी घड्याळ जे सांगतं तो अंदाज असतो. ताण, आजारपण किंवा जागरणाने ओव्ह्युलेशन पुढे-मागे होऊ शकतं.

नॅचरल सायकल्स या स्वीडिश अ‍ॅपला अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१८ मध्ये गर्भनिरोधनाचं साधन म्हणून मान्यता दिली. तेव्हाही नेहमीच्या वापरात वर्षभरात १०० पैकी साधारण ६ ते ७ स्त्रियांना गर्भधारणा होऊ शकते, असं सांगितलं गेलं होतं. हे आकडे अशा वापरासाठी खास तपासलेल्या अ‍ॅपचे आहेत. साध्या घड्याळातल्या पीरियड ट्रॅकरला हे लागू होत नाहीत. मूल नको असेल तर कंडोम, गोळ्या, कॉपर-टी यांपैकी काय योग्य ते डॉक्टरांशी बोलून ठरवा.

घड्याळाला काय दिसत नाही?

दोन गोष्टी विशेष महत्त्वाच्या आहेत, कारण त्या आपल्याकडे फार आढळतात.

पहिली, रक्तक्षय. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार महाराष्ट्रात १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आहे. पाळीत जास्त रक्तस्राव हे त्याचं एक प्रमुख कारण. रक्तक्षयात थकवा येतो, धाप लागते आणि नाडी वाढते. लोह कमी असेल तर रात्री पाय अस्वस्थ होऊन झोपमोडही होते. घड्याळ फक्त 'तुमची नाडी वाढली आहे, विश्रांती घ्या' असं म्हणेल. हिमोग्लोबिन किती आहे हे त्याला कळत नाही. त्यासाठी रक्ताची साधी तपासणी लागते.

दुसरी, पीसीओएस. मुंबईतल्या आयसीएमआरच्या प्रजनन आरोग्य संशोधन संस्थेने १५ ते २४ वयाच्या मुलींचा अभ्यास केला होता. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात रॉटरडॅम निकषांनुसार २२.५ टक्के मुलींमध्ये पीसीओएस आढळला. जास्त कडक निकष लावल्यावर हेच प्रमाण १०.७ टक्के आलं. घड्याळ पीसीओएसचं निदान करत नाही. पण 'मागच्या सहा महिन्यांत चारच वेळा पाळी आली' ही पक्की नोंद डॉक्टरांच्या नक्की उपयोगी पडते. पीसीओएस असलेल्यांमध्ये स्लीप अ‍ॅप्निया, म्हणजे झोपेत श्वास अडकण्याचा त्रास, होण्याची शक्यताही जास्त असते. त्यामुळे घोरणं आणि दिवसा पेंग येणं या गोष्टीही डॉक्टरांना सांगा.

ही माहिती आणखी कुणाला कळते?

पाळीची तारीख ही साधी वाटणारी, पण अतिशय खासगी माहिती आहे. त्यातून गर्भधारणा, गर्भपात, मूल होण्यासाठीचे प्रयत्न, असं बरंच काही कळू शकतं.

फ्लो या पाळीच्या लोकप्रिय अ‍ॅपने वापरकर्त्यांची माहिती खासगी राहील असं सांगूनही ती इतर कंपन्यांना दिली, असा आरोप अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने केला होता. २०२१ मध्ये ते प्रकरण तडजोडीने मिटलं.

भारतात डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ मध्ये मंजूर झाला आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. कंपन्यांवरच्या मुख्य जबाबदाऱ्या लागू करण्यासाठी १८ महिन्यांची मुदत दिली आहे. या कायद्यात आरोग्याच्या माहितीसाठी 'संवेदनशील' असा वेगळा वर्ग नाही. तोवर आणि त्यानंतरही थोडी काळजी आपल्यालाच घ्यावी लागेल.

• अ‍ॅपला कॉन्टॅक्ट्स आणि लोकेशनची परवानगी खरंच हवी आहे का, ते बघा. नको असेल तर बंद करा.
• माहिती फोनमध्येच राहते की कंपनीच्या सर्व्हरवर जाते, हे सेटिंग्जमध्ये तपासा.
• अ‍ॅप काढून टाकण्याआधी खातं आणि माहिती डिलीट करा. नुसतं अनइन्स्टॉल करून माहिती पुसली जात नाही.
• घड्याळ कंपनीच्या आरोग्य योजनेतून मिळालं असेल, तर कोणती माहिती एचआरपर्यंत जाते हे लेखी विचारा. पाळीची नोंद अशा खात्यात न ठेवलेली बरी.
• फोन घरात सगळे वापरत असतील तर अ‍ॅपला वेगळा पासवर्ड ठेवा.

मग सुरुवात कशी करायची?

तीन चक्रं, एवढाच वेळ द्या.

१. रोज झोपताना घड्याळ त्याच हातात, नीट बसेल असं घाला. चार्जिंग संध्याकाळी करा.

२. पाळीचा पहिला आणि शेवटचा दिवस स्वतः नोंदवा. हे घड्याळाला आपोआप कळत नाही.

३. रक्तस्राव किती, दुखणं किती, कोणतं औषध घेतलं, ताप, प्रवास, शिफ्ट हे एका ओळीत लिहा.

४. रोजचा स्कोअर बघू नका. आठवड्यातून एकदा आलेख बघा.

५. तीन चक्रांनंतर तीन प्रश्न विचारा. चक्र किती दिवसांचं होतं? दुसऱ्या भागात तापमानाची पायरी दिसते का? झोप ठरावीक दिवसांतच बिघडते का?

घड्याळ नसेल तरी अडत नाही. दुसरा आणि तिसरा मुद्दा वहीत लिहिला, तरी डॉक्टरांना लागणारी बरीचशी माहिती त्यात येते.

डॉक्टरांकडे कधी जायचं?

घड्याळ 'सगळं ठीक' म्हणत असलं, तरी पुढीलपैकी काहीही होत असेल तर थांबू नका.

• चक्र सतत २४ दिवसांपेक्षा कमी किंवा ३८ दिवसांपेक्षा जास्त
• गर्भधारणा नसताना तीन महिने पाळी न येणं
• ८ दिवसांपेक्षा जास्त रक्तस्राव, किंवा दर एक-दोन तासांनी पॅड बदलावं लागणं
• दोन पाळ्यांच्या मध्ये किंवा पाळी कायमची थांबल्यानंतर रक्तस्राव
• कॉलेज किंवा काम बुडेल इतकी पोटदुखी
• झोपेत श्वास अडकणं, किंवा आठवड्यातून तीन रात्री झोप न लागणं आणि हे तीन महिने चालणं

पाळी नुकतीच सुरू झालेल्या मुलींमध्ये पहिली काही वर्षं चक्र ४५ दिवसांपर्यंत लांबू शकतं. चाळिशीनंतर रजोनिवृत्ती जवळ आल्यावरही ते बदलतं. पण खूप रक्तस्राव कोणत्याही वयात दाखवायलाच हवा. खासगी दवाखाना परवडत नसेल तर पुण्यात ससून रुग्णालयात आणि महापालिकेच्या कमला नेहरू रुग्णालयात स्त्रीरोग विभाग आहे.

जाताना तीन चक्रांच्या तारखांचा स्क्रीनशॉट किंवा वहीचं पान सोबत न्या. 'शेवटची पाळी कधी आली?' हा डॉक्टरांचा पहिला प्रश्न असतो आणि बऱ्याचदा उत्तर 'आठवत नाही' असं येतं. निदान या प्रश्नाचं पक्कं उत्तर तुमच्याकडे असेल.

*हा लेख सर्वसाधारण माहितीसाठी आहे. औषधं किंवा उपचार डॉक्टरांच्या सल्ल्यानेच सुरू करा.*